चिकन-मटण घेताना प्राणी कसा जगला हे पाहायचं का? पाहायचं तर कसं?

सायली_व

सुरुवातीलाच सांगते, आमच्याकडे मांसाहार बंद करायचा विचार नाही. त्यामुळे धागा 'खावं की खाऊ नये' या वळणावर जाऊ नये अशी विनंती. माझा प्रश्न वेगळा आहे. खाणारच आहोत, तर ज्या कोंबडीचं किंवा बोकडाचं मांस घरी येतं त्याचं आयुष्य बरं गेलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. अलीकडे या विषयावर बरंच वाचलं आणि आता डोळेझाक करणं जमत नाही.

पण प्रत्यक्ष घ्यायला गेलं की गोंधळ उडतो. एका पाकिटावर 'नैसर्गिक', दुसऱ्यावर 'मुक्तसंचार', तिसऱ्यावर 'केज-फ्री', चौथ्यावर 'हार्मोनविरहित'. हिरव्यागार कुरणाचं चित्र तर सगळ्यांवरच. शिवाय हे सगळं साध्या चिकनपेक्षा बरंच महाग. जास्तीचे पैसे द्यायला माझी ना नाही, पण त्या पैशांनी कोंबडीच्या वाट्याला नेमकं काय येतं? की आपल्या मनाचं समाधान तेवढं होतं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. ज्यांनी पोल्ट्री जवळून पाहिली आहे त्यांनी तर नक्कीच.

पशुवैद्य_अ

चांगला विषय. मी कोंबड्यांपासूनच सुरुवात करते, कारण आकड्यांनी पाहिलं तर खरा प्रश्न तिथेच आहे. जगभरात वर्षाला 7 हजार कोटींहून जास्त कोंबड्या मांसासाठी मारल्या जातात. बाकी सगळे जमिनीवरचे पाळीव प्राणी एकत्र केले तरी या संख्येच्या जवळपास येत नाहीत.

ब्रॉयलर म्हटलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा पिंजरा येतो. पण मांसाच्या कोंबड्या बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यात नसतात, गादी पद्धतीने, म्हणजे शेडमध्ये जमिनीवर तूस पसरून त्यावर वाढवतात. पिंजरा हा प्रामुख्याने अंड्यांच्या कोंबड्यांचा प्रश्न आहे. ब्रॉयलरचं दुखणं तिच्या शरीरातच आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी 1957, 1978 आणि 2005 अशा तीन काळांतले वाण एकसारख्या खाद्यावर, एकसारख्या व्यवस्थेत वाढवले. 56 व्या दिवशी 1957 चा पक्षी सुमारे 900 ग्रॅमचा होता, 1978 चा 1.8 किलोचा आणि 2005 चा 4.2 किलोचा. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक फक्त निवड पद्धतीने केलेल्या पैदाशीचा. म्हणून 'हार्मोन टोचून फुगवतात' ही जी समजूत आहे ती सोडून द्या. आजच्या ब्रॉयलरला त्याची गरजच नाही, तिची भूक आणि वाढ जन्मतःच तशी आहे.

ही कोंबडी साधारण 35 ते 42 दिवसांत दोन-अडीच किलोची होऊन कत्तलीला जाते. वयाने ती अजून पिल्लूच असते. आवाजही पिल्लासारखा चिवचिवणारा. हाडं, सांधे, हृदय या वजनाला पुरे पडत नाहीत. शेवटच्या आठवड्यात पक्षी बराच वेळ बसून काढतात, काही लंगडतात, काहींच्या पोटात पाणी होतं. अशा पक्ष्याला तुम्ही कितीही मोठं अंगण द्या, तो त्यात फिरणार किती?

म्हणून माझ्या मते पाकिटावरच्या शब्दांआधी एकच प्रश्न विचारावा: हा पक्षी किती दिवसांचा होता?

कवडसा

उत्तम प्रतिसाद. हा वयाचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता.

मंजिरी२१

लेबलांविषयी थोडं लिहिते. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर काय छापायचं हे तपासण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे.

'केज-फ्री' हा शब्द अंड्यांवर अर्थपूर्ण आहे. चिकनवर त्याने काहीच सांगितलं जात नाही, वर डॉक्टरांनी लिहिलंच आहे का ते. 'हार्मोनविरहित' तसंच. अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन द्यायला मुळातच परवानगी नाही. म्हणून तिथे चिकनच्या पाकिटावर हे छापायचं असेल तर 'नियमानुसार हार्मोन वापरता येत नाहीत' असं वाक्यही सोबत छापावं लागतं. 'नैसर्गिक' या शब्दाचा तिथे प्राणी कसा वाढला याच्याशी संबंध नाही. मांसात नंतर कृत्रिम रंग किंवा इतर काही घातलेलं नाही आणि त्यावर फार प्रक्रिया झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

'मुक्तसंचार' म्हणजे नेमकं किती मुक्त, हे प्रत्येक देशाच्या नियमावर अवलंबून. युरोपीय संघात मुक्तसंचार अंड्यांसाठी दर कोंबडीमागे बाहेर 4 चौरस मीटर जागा लागते. तिथे अंड्यावरच शिक्का असतो: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 मुक्तसंचार, 2 शेडमध्ये जमिनीवर, 3 पिंजरा. शिक्का पाहिला की कळलं. मांसाच्या पाकिटावर इतकी सरळ खूण सगळीकडे मिळत नाही, आणि खरी अडचण तिथेच होते.

ज्या लेबलामागे लेखी, जाहीर निकष असतात आणि बाहेरचा माणूस शेडवर जाऊन तपासणी करतो, तेच लेबल मी मानते. फ्रान्सचं 'लाबेल रूज' घ्या. त्यात मांसाचा पक्षी किमान 81 दिवसांचा असावा लागतो, वाण सावकाश वाढणारा असावा लागतो, आणि शेडमध्ये चौरस मीटरला 11 पेक्षा जास्त पक्षी चालत नाहीत. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या निकषातच आहे. उलट कंपनीने स्वतःच काढलेला गोल शिक्का, 'प्रेमाने वाढवलेलं' वगैरे, त्यामागे कोणते निकष आहेत हे जर संकेतस्थळावर सापडत नसेल तर मी त्याला जास्त पैसे देत नाही.

खुराडेवाला

मी ब्रॉयलर केले आहेत, करारावर. त्यामुळे शेतकऱ्याच्या बाजूने थोडं.

करार पद्धतीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मेहनत आमची. वाण कोणता घ्यायचा हे माझ्या हातात कधीच नव्हतं. किती दिवसांनी पक्षी उचलायचा हेही नाही. हिशोब होतो तो किती खाद्यात किती वजन आलं आणि मरतुक किती झाली यावर. सावकाश वाढणारा पक्षी जास्त दिवस खातो, म्हणजे या हिशोबात तो कायम तोट्याचाच. तेव्हा 'शेतकरी क्रूर आहे' असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. माझ्या हातात जे होतं ते मी जिवापाड केलं.

हातात काय असतं ते सांगतो. गादी. शेडमध्ये शिरलं की आधी खाली बसायचं, पक्ष्याच्या उंचीवर. उभ्या माणसाला वास येत नाही तेव्हाही खाली डोळे चुरचुरतात, कारण अमोनिया गादीतून निघतो आणि पक्षी चोवीस तास त्याच हवेत असतात. मग गादीतलं तूस मुठीत घेऊन घट्ट दाबायचं. मूठ उघडली की भुगा सुटा झाला तर बरं आहे. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. पाण्याची निपल गळते आहे किंवा हवा खेळत नाही, ते त्याच दिवशी बघायचं. ओल्या गादीवर बसून बसून पक्ष्याच्या तळव्यांना आणि सांध्यांना अक्षरशः भाजल्यासारख्या जखमा होतात.

आणखी एक. दार उघडलं की कोंबड्या बाहेर जातात असा समज आहे. जात नाहीत. कोंबडी मूळची रानातली, जंगलातल्या झुडपांखाली चरणारी. उघड्या आभाळाखाली तिला शिकारी पक्ष्याची धास्ती असते. बाहेर नुसतं मोकळं मैदान असेल तर पक्षी दाराशीच घोटाळतात. झाडं, झुडपं, मांडव, काहीतरी सावली असली तरच लांबवर जातात. तेव्हा मुक्तसंचार म्हणणाऱ्याला विचारा, बाहेर झाडं आहेत का?

सायली_व

खुराडेवाला दादा, मनापासून आभार. हे कुठल्याच लेखात वाचलं नव्हतं.

मंजिरी, मग दाटीचं काय? एका चौरस मीटरमध्ये किती पक्षी असतात साधारण?

मंजिरी२१

ते पक्ष्यांत नाही, किलोत मोजतात. युरोपीय संघाच्या 2007 च्या निर्देशात चौरस मीटरला 33 किलो ही मूळ मर्यादा आहे. हवा-तापमानाच्या आणि मरतुकीच्या जादा अटी पाळल्या तर 39, आणि कमाल 42 किलोपर्यंत जाता येतं. दोन किलोचा पक्षी धरला तर 16 ते 21 पक्षी होतात. 'बेटर चिकन कमिटमेंट' नावाचा करार काही कंपन्यांनी स्वीकारला आहे, त्यात ही मर्यादा 30 किलो आहे आणि वाणही कमी वेगाने वाढणारा लागतो.

रानपाखरू

मी मांस खात नाही. सायलीताईंनी विनंती केली आहे म्हणून त्या वादात शिरत नाही. पण 'माणुसकीने वाढवलेलं' या लेबलाखाली जे दिसत नाही ते सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण इथे मनापासून विचारणारी माणसं आहेत.

पहिलं, अंड्यांच्या वाणाचे नर. ते अंडी देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी त्यांना मारतात, यंत्रात टाकून किंवा वायूने. पिंजरा असो, मुक्तसंचार असो, बहुतेक सेंद्रिय असो, पिल्लं येतात त्याच उबवणी केंद्रांतून. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून यावर बंदी घातली. आता तिथे अंड्यातच लिंग ओळखून नराची अंडी आधीच बाजूला काढतात, किंवा नर वाढवतात.

दुसरं, ब्रॉयलरचे आईबाप. यांच्याविषयी कुणीच बोलत नाही. त्यांच्यातही तीच अफाट भूक आणि तीच वाढ आहे, पण त्यांना 40 दिवस नाही, वर्षभर जगवायचं असतं. पोटभर दिलं तर ते इतके जड होतात की अंडी-वीण बिघडते, मरतात. म्हणून त्यांना मोजकंच खाद्य देतात, वाढीच्या काळात तर भुकेच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग ते उपाशी असतात. वाण तोच असेल तर ही भूक कुठल्याही अंगणाने जात नाही. पाकिटातल्या पक्ष्याला अंगण मिळालं असेलही. त्याच्या आईला काय मिळालं?

पशुवैद्य_अ

रानपाखरू, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मांडल्याबद्दल धन्यवाद. आईबापांच्या भुकेवर आम्हां पशुवैद्यांतही वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. मी वयावर इतका जोर दिला त्याचं हेही एक कारण. सावकाश वाढणाऱ्या वाणाच्या आईबापांना खाद्य एवढं तोडावं लागत नाही. म्हणजे 'किती दिवसांचा' हे विचारल्याने पुढच्या पिढीबरोबर मागच्या पिढीचंही थोडं कळतं.

अंड्यांबद्दल भर घालते. युरोपीय संघात 1 जानेवारी 2012 पासून साध्या, म्हणजे आत कसलीच सोय नसलेल्या पिंजऱ्यांवर बंदी आहे. त्याआधी एका कोंबडीला 550 चौरस सेंटिमीटर जागा पुरे मानत होते, म्हणजे ए-फोर कागदाहूनही कमी. ती त्यात पंख पसरू शकत नाही, धुळीत लोळू शकत नाही, अंडं घालायला आडोसा शोधू शकत नाही. हे शेवटचं तर फार त्रासाचं असतं. अंडं घालण्याआधी कोंबडी तासभर अस्वस्थ होऊन फेऱ्या मारते. पण पिंजऱ्याबाहेरही सगळं आलबेल आहे असं समजू नका. छातीचं हाड मोडणं हे मुक्तसंचार कळपातही भरपूर दिसतं, कारण वर्षाला 300 अंड्यांचं कवच शरीरातल्या कॅल्शियममधून होतं आणि हाडं ठिसूळ होतात. रानकोंबडी वर्षाला 10-15 अंडी घालते, त्यावरून काय ते समजा. शेड वाईट चालवलं तर एकमेकींना टोचून मारणंही होतं.

आणि 'अँटिबायोटिकविरहित' या लेबलाबद्दल. वाढीसाठी रोज खाद्यातून प्रतिजैविकं देणं वाईटच. युरोपीय संघाने 2006 च्या सुरुवातीपासून ते पूर्ण बंद केलं आणि सगळीकडे बंद व्हायला हवं. पण आजारी कळपाला औषध दिलं तर लेबल जातं म्हणून मालक टाळाटाळ करू लागला, तर तो त्या पक्ष्यांवर अन्याय आहे. मी 'गरज पडली तर उपचार केले' असं लिहिणाऱ्याला जास्त मान देईन.

निरंजन७

मला दुसरी बाजू मांडायची आहे. सावकाश वाढणारा पक्षी दुप्पट दिवस खातो, म्हणजे प्रत्येक किलो मांसामागे धान्य जास्त, जमीन जास्त, विष्ठा जास्त. सगळ्या जगाने असंच चिकन खायचं ठरवलं तर तेवढं धान्य पिकवायला रानं तोडावी लागतील. त्या रानातल्या प्राण्यांचं काय? शिवाय महाग मांस म्हणजे ज्यांना जेमतेम परवडतं त्यांच्या ताटातली प्रथिनं कमी होणार.

कवडसा

निरंजन, धान्याचा मुद्दा बरोबर आहे, पण तो आज खातो तेवढंच खायचं असं धरल्यावर. कमी वेळा खाल्लं तर? आमच्या घरी आम्ही खर्च तोच ठेवला आणि वेळा कमी केल्या. महिन्याला जे पैसे चिकनवर जात होते तेवढेच जातात, पण पक्षी कमी लागतात आणि ते चांगले जगलेले असतात. धान्य वाढलं असं मला नाही वाटत. मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता नाही करत.

ज्यांना जेमतेम परवडतं त्यांना कुणी दोष देऊ नये हे मात्र शंभर टक्के मान्य. हा प्रश्न ज्यांच्यापुढे निवड आहे त्यांचा आहे, म्हणजे आपला.

गणिती

एक आकडेमोड बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका मोठ्या जनावरापासून मिळतं तेवढं मांस कोंबड्यांपासून मिळवायचं तर शंभराहून जास्त कोंबड्या लागतात. प्रकृतीसाठी किंवा हवामानासाठी लोक लाल मांस सोडून चिकनवर येतात, तेव्हा मेलेल्या प्राण्यांची संख्या प्रचंड वाढते, आणि तीही सगळ्यात वाईट आयुष्य जगणाऱ्या प्राण्यांची. हवामानाचा हिशोब चिकनच्या बाजूचा, प्राण्यांचा हिशोब उलटा. दोन्हीकडून बरं दिसणारं उत्तर फक्त 'एकूणच कमी' हे आहे.

मंजिरी२१

चार पायांच्या प्राण्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहिते. शेळ्या-मेंढ्या आणि गुरं बहुतेक वेळा आयुष्याचा काही काळ तरी चरायला बाहेर असतात, त्यामुळे त्यांचं जगणं कोंबडी-डुकरांपेक्षा सहसा बरं. त्यांच्या बाबतीत विचारायचं ते वेगळं: खच्चीकरण आणि शिंगं काढणं भूल देऊन होतं का, शेवटचे काही महिने बंदिस्त जागी धान्य चारून फुगवतात का, आणि कत्तलखान्यापर्यंतचा प्रवास किती तासांचा असतो.

डुकरांचं सगळ्यात वाईट. गाभण मादीला वळताही येणार नाही एवढ्या लोखंडी चौकटीत महिनोन्महिने ठेवतात. ब्रिटनने 1999 मध्ये यावर बंदी घातली. कॅलिफोर्नियात 2018 साली लोकांनी मतदान करून असं मांस राज्यात विकायलाच मनाई केली. डुक्कर उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 2023 च्या मे महिन्यात हरली. म्हणजे ग्राहक आणि मतदार ठाम राहिले तर गोष्टी हलतात.

सायली_व

आणि शेवट? म्हणजे मारतानाचं. त्याबद्दल वाचायचं धाडस मी अजून केलं नाही, पण विचारायलाच हवं.

पशुवैद्य_अ

विचारायलाच हवं, बरोबर. अनेक मोठ्या कत्तलखान्यांत कोंबड्या जिवंतपणी पायांनी उलट्या टांगतात आणि डोकं वीज सोडलेल्या पाण्यातून नेऊन बेशुद्ध करतात. टांगणं स्वतःच वेदनादायक आहे, आणि पंख फडफडले तर काही पक्षी नीट बेशुद्ध होत नाहीत. दुसरी पद्धत म्हणजे क्रेटमध्येच वायू देऊन बेशुद्ध करणं. ती कोंबड्यांना त्यामानाने कमी त्रासाची, कारण शुद्धीत असताना हाताळणी टळते. डुकरांच्या बाबतीत मात्र कार्बन डायऑक्साइड वाईट, त्यांचा जीव घुसमटतो.

गुरांसाठी अमेरिकेतल्या डॉ. टेंपल ग्रँडिन यांनी फार मोठं काम केलं आहे. त्यांनी कत्तलखान्यातल्या वाटा जनावराच्या नजरेतून पाहिल्या. लोंबती साखळी, जमिनीवरचं चमकतं पाणी, अंधाऱ्या वाटेत अचानक येणारा उजेड, एवढ्यानेही जनावर थबकतं आणि मग त्याला मारून पुढे ढकललं जातं. त्या गोष्टी काढून टाकल्या की ढकलावं लागत नाही. त्यांनी तपासणीही मोजून करायला शिकवलं: शंभरातली किती जनावरं पहिल्याच प्रयत्नात बेशुद्ध झाली, किती हंबरली, किती घसरून पडली. आकडा लिहिला जातो तिथे सुधारणा होते, हा माझाही अनुभव आहे. चांगल्या प्रमाणपत्राच्या निकषांत वाहतूक आणि कत्तल यांचं प्रकरण असतं. ते नसेल तर ते प्रमाणपत्र अर्धंच.

सायली_व

सगळ्यांचे आभार. घरी बोलणं झालं. आमचं असं ठरतंय: कवडसा म्हणतात तसं खर्च तोच, वेळा कमी. ज्याचं वय आणि निकष कळतात तेच चिकन घ्यायचं, नाही मिळालं तर त्या आठवड्यात करायचंच नाही. अंडी आधी बदलायची, कारण ती रोज लागतात आणि त्यांचं कळणं सोपं आहे. बाहेर खाताना शक्यतो शाकाहारी, कारण तिथलं मांस कुठून आलं हे विचारूनही कळत नाही. रानपाखरू, तुमचा आईबापांचा मुद्दा मनातून जात नाहीये. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तो मी विसरणार नाही.

एक व्यावहारिक शंका. वय कुणी सांगितलंच नाही, तर नुसतं मांस पाहून काही कळतं का?

पशुवैद्य_अ

थोडं कळतं. अख्खा पक्षी किंवा सांध्यासकट तंगडी घेत असाल तर मांसल भागाच्या खालच्या टोकाचा सांधा पाहा. तिथे कातडीवर तपकिरी-काळपट, खरचटल्यासारखा डाग असेल तर तो ओल्या गादीवरच्या अमोनियाने पडलेला असतो, खुराडेवाल्यांनी सांगितलं तोच प्रकार. कातडी काढलेलं छातीचं मांस घेत असाल तर त्यावर मांसाच्या धाग्यांना समांतर पांढऱ्या रेघा दिसतात का पाहा. त्या रेघा चरबीच्या असतात आणि अतिवेगाने वाढलेल्या पक्ष्यांत दिसतात. जाड रेघा म्हणजे स्नायूला वाढ झेपलेली नाही. खायला धोका नसतो, पण त्या पक्ष्याबद्दल बरंच समजतं.

खुराडेवाला

बरोबर. आणि म्हणूनच तो सांधा कापून टाकलेल्या तंगड्या जास्त दिसतात बाजारात. विक्रेत्याला सांध्यासकट मागा. दोन-चार गिऱ्हाइकं मागायला लागली की तो मागच्या माणसाला विचारतो, आणि मागचा माणूस शेडवाल्याला. मला असा फोन आला होता, त्या दिवसापासून कंपनीच्या सुपरवायझरनेही गादीकडे बघायला सुरुवात केली.